मोठी चाकं, जुना आख

भूकंपानंतर बहिणीच्या सासरचं गाव जुन्या जागेवरून उठलं आणि सहा किलोमीटरवर, डांबरी रस्त्याच्या कडेला बसलं. शेतं मात्र जुन्या गावाभोवतीच राहिली. किल्लारीच्या त्या भागात अजूनही माणसं सकाळी कामाला निघतात ती मोडलेल्या गावाकडे. वाट काळ्या रानातून जाते. मध्ये एक ओढा लागतो. पाऊस झाला की तिथली माती चाकाला धरते आणि सोडत नाही.

बहिणीच्या नवऱ्याची, दाजींची, एक जुनी जीप आहे. खुरपणीला आणि काढणीला जाणाऱ्या दहा-बारा बायकांना ते रोज या वाटेने नेतात आणि आणतात. घर या फेऱ्यांवरच चालतं. एका पावसाळ्यात जीप ओढ्यात दोनदा रुतली. त्याच सुमारास गावात कुणीतरी नवी पिकअप आणली आणि बायका तिच्याकडे बघू लागल्या. दाजींनी मग जीपला ट्रकच्या चाकाएवढी, खोल नक्षीची चाकं बसवली.

"बैलगाडीचं चाक बघा, पाव्हणं," ते मला म्हणाले. "केवढं उंच असतंय! म्हणून तर ती चिखलातून निघती. जीपला बी तेच पाहिजे."

मी नांदेडला वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो आणि सुट्टीत तिकडे जातो. मला ते पटलं. पारावर ज्यांनी ज्यांनी ऐकलं, त्यांनाही पटलं.

त्या चाकांवरचा पहिला प्रवास अजून डोळ्यांसमोर आहे. सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं आणि सकाळचं धुकं रानावर गुडघाभर होतं. चाकं धुक्यात बुडाली होती, त्यामुळे जीप कशावर चालली आहे ते दिसत नव्हतं. खड्डे लागत होते, पण खूप खालून, दुसऱ्याच कुणाला लागावेत तसे. तुरीचे शेंडे बसल्या जागेवरून खाली दिसत होते. बोलणाऱ्या बायका हळूहळू गप्प झाल्या. ओढा कधी ओलांडला ते कळलं नाही. पुढे जुनं गाव आलं. भिंती नाहीत, नुसती जोती, आणि जी दारं उरलीच नाहीत त्यांच्यासमोर उभे असलेले लिंब. वाट आता त्या जोत्यांवरूनच जाते.

"भाऊ, हळू," बायकांची मुकादम मागून म्हणाली. "माज्या चुलीवरून चाललाव."

कुणी हसलं नाही. दाजींनी खरंच वेग कमी केला.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा सुट्टीला आलो होतो. ओढ्याच्या पलीकडचा चढ चढताना जीपखाली एकच कोरडा आवाज झाला. इंजिन चालू होतं, गिअर पडलेला होता आणि जीप जागच्या जागी उभी होती. बायका उतरल्या, लुगडी खोचली आणि चिखलातून चालत निघाल्या.

"चाकं हत्तीची अन् बसणं म्हशीचं," मुकादम जाता जाता म्हणाली.

औशाच्या मेकॅनिकने मागचं चाक फिरवणारा, आखातला दांडा बाहेर काढला, त्याचे दोन तुकडे झालेले होते. याचं उत्तर नांदेडचा एक म्हातारा मिस्त्रीच देईल, असं तो म्हणाला. मी परत निघालोच होतो. दाजींनी तुकडे पोत्यात गुंडाळले आणि आम्ही एस.टी.त बसलो.

"काय हाय त्यात?" लातूरला बस बदलल्यावर कंडक्टरने विचारलं.

"जीपचा पाय."

"मग त्याचं हाफ तिकीट घ्या."

दांडा आम्हा दोघांच्या मांडीवर आडवा होता. अहमदपूरच्या पुढे दोघांनाही डुलकी लागली. जाग यायची तेव्हा खिडकीतून तेच काळं रान मागे जात असायचं आणि मांडीवर लोखंडाचा गारवा असायचा.

मिस्त्रीने तुकडे डिझेलने पुसले आणि उजेडात धरले. दांड्याच्या टोकाला दात असतात, त्यांच्या रेषा सरळ असायला हव्यात. इथे त्या दोरीसारख्या पिळलेल्या होत्या.

"हे त्या दिवशी तुटलं न्हाई," तो म्हणाला. "कैक दिवसांपासून पीळ खाऊन राहिलं. चाक मोठं केलं का?"

दाजींनी बैलगाडीची गोष्ट सांगितली. मिस्त्रीने ती पूर्ण ऐकून घेतली.

"गाडी कोण ओढतंय?"

"बैल."

"मग आखाला काम काय? वजन पेलायचं. चाक त्याच्यावर आपोआप फिरतंय. जीपला बैल कुठं हाय? हाच बैल, हाच आख. चाक जेवढं मोठं, तेवढा फिरवायला जोर जास्ती. अन् चिखलात अडकून एकदम सुटलं, की सगळा झटका ह्याच्यावर."

जाड दांडा मिळेल का, असं दाजींनी विचारलं.

"मिळंल. मग त्याला मोठं घर लागतंय. मग बेअरिंग, मग ब्रेक. अख्खा मागचा आखच जड गाडीचा बसवा, न्हाईतर चाकं उतरवा." मग त्याने तुटलेलं टोक बोटाने दाखवलं. "आतल्या बाजूला तुटलं, नशीब समजा. बाहेर तुटलं असतं तर चाकच निघून गेलं असतं. दुसऱ्या बाजूचा दांडा बी बदला. त्यानं बी तेवढंच सोसलंय."

बाहेर आल्यावर दाजींनी तुकडे पुन्हा पोत्यात गुंडाळले.

"पाव्हणं, हे त्या बायकांला नका सांगू," ते म्हणाले. "पिकअपमधी जातील."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

पुढच्या सुट्टीत गेलो तेव्हा जीपला दोन नवे दांडे आणि पहिलीच लहान चाकं होती. धुकं होतं. बायका डबे घेऊन उभ्या होत्या, पिकअपही थोड्या अंतरावर उभी होती.

"गाडी बुटकी झाली की, भाऊ," मुकादम म्हणाली. "काहून उतरवली चाकं?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे वळून सगळं सांगितलं: पीळ, आख, निघून गेलं असतं ते चाक. काही गाळलं नाही. बोलताना ते स्टेअरिंगवरची धूळ पुसत होते.

मुकादम पिकअपकडे बघत राहिली.

"ओढ्याला आम्ही उतरू," ती म्हणाली. "तुमी रिकामी गाडी काढा. चढ चढला तर पलीकडं बसू. न्हाई चढला तर उद्यापासून पिकअप."

बायका ओढ्याच्या अलीकडे उतरल्या आणि चपला हातात घेऊन पाण्यातून पलीकडे गेल्या. दाजींनी जीप पाण्यात घातली. ती रुतली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. दाजी घाई करत नव्हते. अर्ध्या चढावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली तेव्हा त्यांनी पाय काढला, थांबले आणि हळूच पुन्हा दाबला. जीप इंचाइंचाने वर सरकली आणि काठावर येऊन थांबली.

मुकादमने मागची फळी स्वतः पाडली आणि आधी आपला डबा आत ठेवला.