धुक्यात थांबलेली लालगाडी

परवा नातीला स्कूलबसपर्यंत सोडायला गेले. आम्ही दोघी धावतोय, हात करतोय... आणि बस डोळ्यांदेखत निघून गेली. नात मुसमुसायला लागली आणि मला आमच्या बेटावरची एक सकाळ आठवली.

माझं माहेर पवनीच्या वरच्या अंगाला, वैनगंगेच्या दोन धारांमध्ये अडकलेलं गाव. आता ते धरणाच्या पाण्यात गेलं, पण ऐंशीच्या दशकात चांगलं नांदतं होतं. पूल नव्हता. भंडाऱ्याला जाणारी एसटीची लालगाडी सकाळी एकदाच समोरच्या काठावर यायची आणि तिथवर न्यायला सोमाकाकांचा डोंगा, म्हणजे लहानशी होडी.

गाडी आणि डोंगा यांची वेळ जुळवायला होतं एक पांढरं धोतर! बेटावरून कुणी निघणार असलं की काका ते घाटावरच्या उंच बांबूला बांधायचे. पलीकडून ड्रायव्हरला ते दिसलं की गाडी थांबायची. नाही दिसलं, तर एक हॉर्न मारून पुढे.

एकदा माझ्या आईनंच बाबांचं धुतलेलं धोतर त्या बांबूवर वाळत घातलं आणि अख्खी गाडी उगाच ताटकळली. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर गणपतभाऊ पलीकडून असे ओरडले, की नदी ओलांडून आम्हाला ऐकू आलं. तेव्हापासून घाटावर पांढरं काही वाळत घालायचं नाही असं ठरलं. आई तर लाजेनं महिनाभर तिकडे फिरकली नाही...

तर मी डीएड होऊन घरी बसले होते. मास्तरणीच्या नोकरीसाठी भंडाऱ्याहून इंटरव्ह्यूचं पत्र आलं, पहिलंच. बाबा म्हणाले, "एवढी एक डाव जाऊन ये पोरी. नाही झालं तं मंग स्थळ पाहू." म्हणजे माझ्या हातात ती एकच सकाळ होती.

आणि नेमकं त्या सकाळी धुकं! थंडीतलं, नदीवरचं, दाट. काकांनी धोतर बांधलं खरं, पण खाली उभं राहून मलाच ते दिसेना, तर पलीकडून कुणाला दिसणार होतं?

तरी निघालो. काका वल्हवतायत, मी पत्राची पिशवी छातीशी धरून बसलेली. बऱ्याच वेळानं डोंगा काठाला लागला. उतरून बघते तर समोर आमचाच घाट... धुक्यात वळून आम्ही परत बेटावर आलो होतो.

गाडीची वेळ कधीच टळून गेली होती. मी तिथेच चिखलात बसले आणि रडायला लागले. इतकी वर्षं केलेला अभ्यास, सगळं एका धुक्यात गेलं असं वाटलं.

तेवढ्यात पलीकडून हॉर्न वाजला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला.

"काहून रडून राहिली वो? गाडी हाय अजून!" काका म्हणाले. "बस डोंग्यात. आन गप राय, मले आवाज आयकू दे."

मग काका दोन हात वल्हवायचे आणि थांबायचे. हॉर्न आला की त्या दिशेला डोंगा वळवायचे. काठ दिसला नाहीच, आधी गाडीचे पिवळे दिवे दिसले.

गाडीत सगळे वैतागलेले. तरी एक आजी सरकल्या, "ये वो बाई, बस." मी बसायच्या आधी ड्रायव्हरच्या केबिनशी गेले आणि गणपतभाऊंना विचारलं, "धोतर दिसलं होतं तुम्हाला?"

"काईच नाही दिसलं."

"मग थांबलात कसे?"

"धोतर बांधलं नाही हे तरी कुठं दिसलं बाई?" ते म्हणाले. "ते नाही हे दिसल्याबिगर कसा जाऊ?"

कंडक्टरनं तोंड वाकडं केलं. "काल बी धुक्यात असाच थांबला हा. पाऊण तास भोंगा वाजवत. कोनी आलं नाही."

काल आमच्याकडून कुणीच निघालं नव्हतं. तो हॉर्न मी चुलीजवळ बसून ऐकला होता आणि हा काय वेडेपणा म्हणून हसलेही होते... भंडाऱ्यापर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले. डोळे थांबतच नव्हते.

नोकरी लागली. निवृत्त होईपर्यंत शिकवलं. हजेरी घेताना एखाद्या नावाला उत्तर आलं नाही, की मी पेन खाली ठेवायचे, व्हरांड्यात जाऊन रस्ता बघायचे आणि मगच गैरहजेरी मांडायचे. हेडमास्तर चिडायचे, वेळ जातो म्हणायचे. बहुतेकदा रस्त्यावर कुणी नसायचंच...

पण कधी कधी लांबून एखादं पोर दप्तर सांभाळत धावत येताना दिसायचं. गणपतभाऊ, ते तुमच्यामुळे हजर.