थोरल्याचं नाव

आमच्या अमरावतीच्या घरात थोरल्या मुलाचं नाव आई तोंडानं घेत नसे. नाव घेतल्यानं त्याचं आयुष्य कमी होतं, असं मानतात. दादाला ती जन्मभर ‘मोठ्या’च म्हणाली.

दादा अमेरिकेत एका शाळेत गणित शिकवायचा. त्याच्या वर्गात पोलंड आणि चेक मुलखातून आलेल्या घरांची मुलं होती. सुटीत घरी आला की ओट्यावर बसून त्यांची आडनावं घोकायचा. आडवी रेघ मारलेला एल ‘व’सारखा म्हणायचा, ‘र’ म्हणता म्हणता जीभ ‘झ’कडे न्यायचा. मी अकोल्याहून माहेरी आले की मलाही शिकवायचा.

“तुया घशात मांजर अडकली का रे मोठ्या?” आई विचारायची. “सोयऱ्यायची नावं तुले आठवत नाही, अन् त्यायची पाठ करून राहिला!”

“नाव बरोबर घेतलं त पोरगं मान वर करते, आई.”

शाळेनं मात्र त्याचं नाव पहिल्याच आठवड्यात दोन अक्षरांवर आणून ठेवलं होतं.

या हिवाळ्यात तो वर्गातच कोसळला. अंत्यविधी तिकडेच होणार, त्याआधीची शाळेतली शोकसभा आम्ही मोबाइलवर पाहणार. आई एवढंच म्हणाली, “त्यायले म्हना, पुरं नाव घ्या. बापाच्या नावासकट.” मी ते सावकाश उच्चारून, रेकॉर्ड करून शाळेला पाठवलं. फार सुंदर नाव आहे, असं मुख्याध्यापकांचं उत्तर आलं.

रात्री उशिरा आम्ही बसलो; तिकडे सकाळ होती. मुख्याध्यापकांनी ती दोन अक्षरंच घेतली. खरं नाव उच्चारायचं धाडस मी करत नाही, नाहीतर तो वरून हसेल, असं म्हणाले. सभागृह हसलं. मग त्यांनी एकेका शिक्षकाला, पालकाला नाव घेऊन बोलायला बोलावलं. दादानं ओट्यावर घोकलेली आडनावं मी ओळखत होते. एकाही ठिकाणी मुख्याध्यापकांची जीभ अडखळली नाही.

आईला आता कमी ऐकू येतं. “घेतलं का?” तिनं विचारलं.

“नाही.”

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, मोबाइल जवळ ओढला आणि नाव घेतलं. त्याचं, मग बाबांचं, मग आडनाव. बाबांचं नावही तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

“आता काय कमी होनार हाये त्याचं,” ती म्हणाली.

पलीकडे कोणी मान वर केली नाही. पाहणाऱ्यांनी आपला आवाज बंद ठेवावा, अशी त्यांची सूचना होती. मी ती पाळली होती.