आईनं कोडं घातलं नाही

वडिलांच्या दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवेना. पिंड मांडून आम्ही उन्हात उभे, आणि वडिलांच्या मनात काय राहिलं असेल याचे नातेवाईक अंदाज बांधतायत. "घराचं म्हण." "नातवाच्या लग्नाचं म्हण." भाऊ हात जोडून एकेक वचन देत होता. वडील शेवटी दवाखान्यात तोंडात नळी घेऊन पडले होते. बोलता येत होतं तेव्हा त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. आई माझ्या कानाशी म्हणाली, "माझ्या वेळी हे कोडं नको. मी जिवंतपणी सांगून जाईन."

ती वेळ गेल्या वर्षी आली. तिचं हृदय थकलं होतं. आता फार काही करण्यासारखं नाही, असं डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं. देवळाली कॅम्पला घरी आल्यावर तिनं विषय काढला, तर भाऊ लगेच, "आई, अभद्र बोलू नकोस. तू बरी होणार आहेस."

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंय मी. कान शाबूत आहेत माझे."

भाऊ उठून अंगणात गेला. मी बसून राहिले. मी जेवणाच्या ऑर्डरी घेते. गिऱ्हाईक आधी मोकळं बोललं की काम चोख होतं. म्हटलं, "सांग. काय हवं, काय नको?"

"दवाखाना नको. नळी नको. याच खाटेवरून जायचंय मला. आणि मिसळ हवी, तर्रीवाली. अळणी खाऊन खाऊन जीभ माझ्याआधीच मेली."

"आणखी?"

"रडायचं असेल तर आत्ताच रडा म्हणावं. मला ऐकू येतंय तोवर."

मी डॉक्टरांना सगळं विचारून आले. दम लागला तर घरी काय द्यायचं ते त्यांनी शिकवलं आणि मिसळीलाही हो म्हणाले. आईनं जेमतेम दोन घास खाल्ले. म्हणाली, "रस्सा झकास. पाव शिळा आहे." त्या संध्याकाळी भाऊ तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. ती त्याच्या पाठीवर थापट्या मारत म्हणाली, "हं, आता कसं!"

शेवटच्या सकाळी तिचा श्वास अडखळायला लागला. मी औषध दिलं. भावानं अॅम्ब्युलन्स बोलवायला फोन काढला. आईनं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही. तो माझ्याकडे बघायला लागला.

"तिनं सांगितलंय," मी म्हटलं.

त्यानं फोन खिशात टाकला आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. दुपारच्या आत ती गेली. आपल्या खाटेवरून, आमच्यात.

दहाव्याला पुन्हा रामकुंड. कावळे समोरच्या भिंतीवर बसलेले, पण एकही खाली येईना. आत्या पुढे सरसावली. भावाला म्हणाली, "म्हण रे, बहिणीला अंतर देणार नाही म्हण."

माझा भाऊ, ज्याला मरणाचा शब्द ऐकवत नव्हता, तो खणखणीत आवाजात म्हणाला, "आत्या, आईचं काही राहिलेलं नाही. सगळं बोलून आणि सगळं घेऊन गेली ती. सकाळपासून इतके पिंड मांडलेत इथे, कावळ्यांची पोटं भरलीत. बाकी काही नाही."

"अरे, पण असं कसं?"

"असंच."

गुरुजी हसले. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. इतकं उन्हात उभं राहूनही मला त्या दिवशी थकवा वाटला नाही. जिंकून आल्यासारखी मी पायऱ्या चढले.

घरी जाताना आम्ही दोघं मिसळीला थांबलो. भावानं तर्री दोनदा मागून घेतली.

पाव ताजा होता.