प्राध्यापकांची टेकडी

नाशिकच्या एका दवाखान्यात स्मरणशक्तीची चाचणी घेणाऱ्या साहेबांनी माझ्या वडिलांना फसवलं. वडील कधी शाळेत गेले नव्हते; लासलगावात कांद्याच्या लिलावात बोली लावत.

साहेबांशी आमची वर्षातून दोन-तीनदा गाठ पडे. माणूस गोड होता. प्रत्येक वाक्य "तसं बघितलं तर" असं सुरू करायचा आणि मी आवाज चढवला की कागदावर पेन्सिलीने टेकडी काढायचा. टेकडीचं टोक म्हणजे चाचणीतल्या मार्कांची सरासरी.

शेवटच्या वेळी त्यांनी वडिलांना शब्दांची यादी वाचून दाखवली, थोड्या वेळाने परत म्हणायला लावली आणि वडिलांच्या मार्कांचा ठिपका डावीकडे पार पायथ्याशी ठेवला. "तसं बघितलं तर यांनी आता बोली लावू नये."

"पियानो, टाय असले शब्द मी कशाला ध्यानात ठिऊ?" वडील म्हणाले. "मला काय इकायचंय का ते?"

मी विचारलं, "ही टेकडी कुणाच्या मार्कांची?"

"निवृत्त प्राध्यापकांची. त्यांचे मार्क सरासरीजवळच असतात, म्हणजे प्रमाण विचलन छोटं. थोडं कमी पडलं तरी माणूस फार खाली दिसतो."

"म्हणजे उन्हाळ कांद्याचा भाव धरून लाल कांदा हलका ठरवता? दोन्हींचा हंगामच वेगळा!" मी ओरडलो.

त्यांनी मला पाणी दिलं आणि तीच टेकडी पुन्हा काढली, जरा मोठी.

तेव्हापासून माझा धाकटा भाऊ वडिलांना लिलावाला नेत नाही. साहेब, शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यांची टेकडी तुमच्याकडे नव्हतीच, तर माझ्या बापाचा ठिपका कुठे ठेवायचा हे तुम्ही कसं ठरवलंत? बोला.