बत्तीस तासांचा दिवस

डायलिसिस युनिटमध्ये किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपणहून साचतात! आठवड्यातून दोनदा तीच ती मंडळी, एकदा मशीनला लावलं की चार तास हलायचं नाव नाही. मग माणूस करणार काय? बोलणार! आणि ऐकायला समोर मी, टेक्निशियन. पळून जाणार कुठं?

त्यात मला खूळ लागलं, अमेरिकेत जाऊन फिजिशियन असिस्टंट व्हायचं. तिकडं राहणाऱ्या माझ्या दादानं ते डोक्यात भरवलं. अट मात्र लई अवघड. ॲडमिशनच्या आधी पेशंटसोबत प्रत्यक्ष काम केल्याचे हजार तास दाखवायचे, तेही दिवाळीच्या आत. नाही भरले तर वर्ष वाया. मी म्हटलं, हजार? हात्तिच्या! दिवसभर इथंच तर पडलेली असते मी.

*

आधी घरी सांगितलं. बाबा वाळूजला कंपनीत, आम्ही राहतो बजाजनगरात. मी समजावलं, "बाबा, डॉक्टरच्या हाताखाली काम करायचं. पेशंट तपासायचा, औषध लिहून द्यायचं."

बाबांनी बशीतला चहा संपवला. "म्हणजे कंपाउंडर."

"नाही हो बाबा, मोठं शिक्षण असतं त्याचं!"

"अगं, मग त्याला अमेरिका कशाला? गंगापूरच्या आपल्या डॉक्टरचा कंपाउंडर परवाच सोडून गेला. शब्द टाकू का?"

*

गंगापूरहूनच एसटीनं आमचे गुरुजी डायलिसिसला यायचे. रिटायर्ड मास्तर, गणित आणि इंग्रजी दोन्ही शिकवलेले. मी तासांचा हिशोब करत बसले होते, तर बेडवरून म्हणाले, "चुकतेस पोरी. एका वेळी किती पेशंट बघतेस?"

"चार."

"मग एका तासाचे चार धर! चार तासांची शिफ्ट, चार चोक सोळा. सकाळ-संध्याकाळ मिळून बत्तीस!"

मास्तरच म्हणाले म्हटल्यावर मी कशाला डोकं लावते! दीड महिन्यात हजार पार. मी आनंदानं पेढे वाटले. गुरुजींनी शुगर असून एक उचलला, मी बघेपर्यंत दुसरा तोंडात होता.

रात्री दादानं व्हिडिओ कॉलवर हिशोब बघितला. मग म्हणाला, "वृषे, तुमच्या संभाजीनगरात दिवस बत्तीस तासांचा असतो का गं?"

*

मग दादानं कात्री लावली. चहा गेला, डबा गेला, लिफ्टची वाट बघणं गेलं. मशीन धुणं गेलं. वरून म्हणतो कसा, "नुसतं बघत उभं राहिलेलं धरत नाहीत. पेशंटला हात लागला पाहिजे."

झालं! मी दिसेल त्याला हात लावत सुटले. सगळ्यात जास्त सापडल्या चाची. जुन्या शहरातल्या, गोड बाई, कशाला नाही म्हणायच्या नाहीत. मी त्यांचं बीपी मोजायचे, वही भरायचे, परत मोजायचे.

पाचव्या वेळी चाचींचा चेहरा उतरला. "बेटी, सुबू से नाप री तू. सच बोल, मेरेकू कुछ हो गया क्या?"

त्या धास्तीनं बीपी खरंच चढलं! सर धावत वर आले. हे सर म्हणजे आमचे डॉक्टर, हॉस्पिटल त्यांचंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पट्टा चाचींच्या दंडावरून काढला आणि माझ्या दंडाला गुंडाळला.

चाचींपेक्षा माझं जास्त निघालं!

*

एका दुपारी लाईट गेली, आणि इन्व्हर्टरनंही मान टाकली. असं झालं की मशीनचा रक्ताचा पंप हातानं फिरवावा लागतो, नाहीतर नळीत रक्त गोठतं. मी चाचींच्या मशीनचा दांडा धरला आणि गरगरा फिरवायला लागले. घामानं निथळले, पण मनात म्हटलं, वा! याहून जास्त हात तो काय लावायचा!

चाची डोळे मोठे करून बघत होत्या. "बेटी, आराम से! मेरा रस नक्को निकाल!"

दादानं न भांडता मान्य केलेला तेवढाच एक तास.

*

अर्जासोबत सरांचं पत्र लागणार होतं. मी काय काय करते ते आधी मीच सरांना लिहून द्यायचं होतं. मी डिक्शनरी घेऊन बसले आणि असं काही इंग्रजी लिहिलं, की वाचून माझाच ऊर भरून आला. पेशंटची अवस्था मी ओळखते, निर्णय मी घेते, जीव मी वाचवते!

सरांनी शांतपणे वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

"वृषाली, हे सगळं तू करतेस?"

"हो सर."

"मग बाहेरच्या पाटीवर माझं नाव कशाला ठेवलंय आपण?"

पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. चार ओळी, साध्या, सगळ्या खऱ्या. मला वाचताना जरा लाजच वाटली.

*

तास कसेबसे भरले, अर्ज गेला, आणि तिकडच्या कॉलेजचा मेल आला. खातरजमेसाठी हॉस्पिटलच्या नंबरवर फोन करू, खात्री पटली नाही तर तास धरणार नाही. मी आठवडाभर युनिटमधल्या फोनकडं बघत होते. सरांना पढवून ठेवलं होतं.

फोन आला तो संध्याकाळी, सर खाली ऑपरेशनमध्ये असताना! मी गुरुजींच्या हातातल्या सुया नुकत्याच काढल्या होत्या. सुई निघाली की त्या जागी बोटांनी गच्च दाबून धरावं लागतं. त्या दिवशी रक्त थांबायलाच तयार नव्हतं. दोन्ही हात अडकलेले, आणि फोन गुरुजींच्या उशाशी कोकलतोय.

गुरुजींनी मोकळ्या हातानं उचलला. "येस! बेड नंबर टू स्पीकिंग!" पलीकडून बाईचं इंग्रजी मला पुसट ऐकू आलं.

"गुरुजी, अमेरिका आहे! माझ्या कानाला लावा!"

त्यांनी हात लांबवला. वायर पुरेना. मी वाकले, तर बोटं हलली आणि गादीवर रक्ताची चिळकांडी. परत दाबलं. मला रडू फुटायच्या बेतात होतं, वर्षाची मेहनत त्या वायरला लटकलेली!

"त्यांना म्हणावं थांबा! दहाच मिनिटं!"

गुरुजींनी घसा साफ केला आणि वर्गात लावायचा तो आवाज लावला. "मॅडम, शी कॅनॉट कम. हर हँड इज ऑन माय ब्लड. इफ शी कम्स, आय गो!"

मग नुसतं "येस, येस," केलं आणि फोन ठेवून दिला.

मी ओरडलेच. "ठेवला? काय विचारत होत्या हो?"

"विचारत होती, ही मुलगी पेशंटला स्वतः हात लावते, का नुसती बघत उभी राहते."

"मग सांगायचं ना गुरुजी, नीट!"

"मी काय सांगणार? बाईनं पुढं बोलूच दिलं नाय. म्हणाली, खात्री पटली. तिला म्हणावं, हात काढू नको!"