उद्या दोन फेऱ्या

माझे भावोजी एकोणचाळीस वर्षे कापडाच्या दुकानात उभे राहिले. नोकरी केली असे न म्हणता मी 'उभे राहिले' म्हणतो, कारण त्या दुकानात विक्रेत्याने बसायचे नाही, असा मालकांचा नियम होता. गिऱ्हाईक असो वा नसो. जेवणाची वीस मिनिटे तेवढी बूड टेकायला मिळत. बाकी नऊ तास ठाण काढायचे, उलगडायचे, मोजायचे, पुन्हा घडी घालून फळीवर ठेवायचे. संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या टरारलेल्या असत. माणूस गोड बोलणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांच्याविषयी उणे लिहायला हात धजत नाही, पण झाले ते झाले तसेच लिहिले पाहिजे.

ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन चांगले झाले. त्यानंतर फिजिओथेरपीच्या बाई घरी आल्या, पाय हलवून पाहिला आणि म्हणाल्या, "घरातल्या घरात येरझारा घालून भागणार नाही. रोज जिना उतरा, मोकळ्या रस्त्यावर चाला, परत चढा. सहा महिने. तेवढ्या काळात पायात जोर आला तर आला, नाहीतर कायमचा आखडेल."

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अठ्ठेचाळीस पायऱ्या. एका बाजूला कठडा होता, दुसऱ्या बाजूला माणसाचा हात हवा. मूलबाळ नसल्यामुळे तो हात भावोजींचा, हे न बोलताच ठरले. मी रबरी तळाच्या चपला आणून दिल्या.

पहिले काही दिवस झकास गेले. भावोजी सातच्या सुमारास येत. ताई आधीच चपला घालून दाराजवळच्या खुर्चीवर बसलेली असे. एकदा मी तिथे असतानाच दोघे निघाले.

"हळू हो, मी काही ठाण नाही झरझर उलगडायला," ताई पहिल्याच पायरीवर म्हणाली.

"ठाण असतीस तर खांद्यावर टाकून नेलं असतं."

"खांद्यावर म्हणे! आधी भाजीची पिशवी उचलून दाखवा."

मग दुकानात सवलतीचा आठवडा लागला. भावोजी आले आणि म्हणाले, "पाच मिनिटं पाठ टेकतो, मग निघू." उठले ते नऊ वाजता. ताई खुर्चीतच होती, चपलांसकट.

"अगं, उठवायचं ना!"

"चांगली झोप लागली होती तुम्हाला."

"असू दे. उद्या दोन फेऱ्या मारू."

दमलेल्या माणसाला आडवे व्हावेसे वाटते, यात त्याचा काय दोष? पण विश्रांती साठवता येते, अशी भावोजींची समजूत होती. आज पडलो की उद्या दुप्पट ताकद. उद्या उजाडे तो पुन्हा नऊ तास उभा राहण्यासाठीच. सुट्टीच्या दिवशी आठवड्याचा शीण एकदम अंगावर येई. तेव्हा पुढच्या आठवड्याच्या दोन फेऱ्या ठरत.

मी एकदा सुचवून पाहिले, "भावोजी, बाहेर पडलात तर तुमचाही थकवा जाईल. पडून राहिलं की अंग जास्तच जड होतं."

"अहो, तुम्हाला कामावर खुर्ची आहे. मला असती तर मीही हवा खायला गेलो असतो."

उत्तर बिनतोड होते.

महिन्यातून एकदा, भावोजींच्या सुट्टीच्या दिवशी, बाई तपासायला येत. "रोज खाली जाता ना?" असे विचारत. ताई म्हणे, "रोज." भावोजी त्या वेळी खिडकीचे गज न्याहाळत. पाचव्या महिन्यात बाईंनी मान हलवली. "रोज चालूनही फरक नाही म्हणजे शरीरच साथ देत नाहीये. आता जिन्याचा हट्ट नको. घरातच वॉकर वापरा."

त्याच दिवशी भावोजींचा मला फोन आला. "बाईंनीच सांगितलं हो. आता आपल्या हातात काय आहे?" त्यांच्या आवाजात दुःख होते, पण सुटल्यासारखेही वाटले.

मला ते पटेना. दुसऱ्या रविवारी गेलो तेव्हा दाराशी ताईच्या चपला होत्या. उलटून पाहिल्या. पाच महिने रस्त्यावर चाललेल्या चपलांचे तळ दुकानातून आणल्यासारखे कोरे होते.

"ताई, खरं सांग. किती वेळा खाली गेलीस?"

"दहा-अकरा वेळा असेल."

"पाच महिन्यांत?"

"हळू बोल. ते आत पडलेत."

"अगं, मग बाईंना खोटं का सांगितलंस? त्यांनी तुझ्या थापेवरून पायाचा निकाल लावला!"

"काय सांगू? नवरा नेत नाही म्हणून? त्यांच्या तोंडावर?"

"भावोजींनी तुझ्या पायाचं..."

"त्यांना नावं ठेवू नकोस. ते दमून येतात. तू कुठून येतोस रे? रोज संध्याकाळी साडेसहाला याच रस्त्याने फिरायला जातोस, पांढरे बूट घालून. खिडकीतून दिसतोस मला. एकदा तरी मान वर केलीस?"

मला डॉक्टरांनी चाळीस मिनिटे न थांबता चालायला सांगितले होते. वर गेलो तर खंड पडेल, आणि तिचा नवरा आहेच की, एवढाच माझा हिशेब होता. तो तिला ऐकवण्यासारखा नव्हता.

मी भावोजींना उठवले. दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून तिला जिन्यावर नेले. चौदाव्या पायरीवर तिचा गुडघा दुमडला. ती तिथेच बसली, घामाने डबडबलेली. खाली जाता येईना, वर येता येईना. शेवटी मी खुर्ची आणली आणि तिला खुर्चीत बसवून आम्ही दोन म्हाताऱ्यांनी वर चढवली. प्रत्येक पायरीला थांबलो.

वर आल्यावर भावोजी कॉटवर आडवे झाले आणि दोन मिनिटांत घोरू लागले.

"त्यांचा पंखा लाव रे," ताई म्हणाली. "आणि तू निघ आता. अंधार पडायच्या आत तुझं फिरून होईल."

तिने टोमणा मारला असता तर बरे झाले असते.

त्याला दोन वर्षे झाली. ताई जिना उतरलेली नाही. भावोजी निवृत्त झाले, दिवसभर घरात बसून असतात. आता पाय दुखत नाहीत, म्हणतात. मी अजून रोज साडेसहाला निघतो, चाळीस मिनिटे चालतो. ताईच्या खिडकीखालचा रस्ता तेवढा सोडला आहे.