पौर्णिमेच्या चिंबोऱ्या

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं, तेव्हा घाटावरची नर्मदा नवऱ्यासोबत सुगंधाच्या पडवीत भाड्याने आली. ती मासे रांधायला सुगंधाकडूनच शिकली आणि आळीभर तिचंच कौतुक! सुगंधाचा नुसता जळफळाट. मेली परवापर्यंत पिठल्यावर जगत होती!

पौर्णिमेला चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आतून पोकळ असतात. सुगंधाने मुद्दाम त्याच तिला दिल्या. नर्मदेने त्यांचे पाय पाट्यावर वाटले, रस गाळून कालवण केलं आणि वाडगाभर सुगंधाला दिलं. आपल्या नवऱ्याने, देवूने, तोंड वाकडं केलं की मगच नर्मदेचं नाव सांगायचं, म्हणून सुगंधाने ते गुपचूप वाढलं.

देवूने बोटं चाटली. "सुगंधे, काय चव हाय गो तुज्या हाताला!"

सुगंधाने उरलेलं कालवण त्याच्या ताटात ओतलं. इतक्या वर्षांत तिने स्वतः रांधलेलं खाऊन तो असं एकदाही बोलला नव्हता.